फळीवरचे गाव

आमच्या घरी कपाटात एक जुनी लाकडी फळी आहे. तिच्यावर भारताचा नकाशा कोरलेला असून प्रत्येक राज्याचा तुकडा वेगळा निघतो. लहान मुलाला तो चिमटीत धरता यावा म्हणून प्रत्येक तुकड्यावर एक गुंडी बसविलेली आहे. १९९६ साली बालवाडीसाठी ही फळी घेतली, तेव्हा भारतात २५ राज्ये होती. पुढे बालवाडी बंद पडली आणि फळी आमच्याकडेच राहिली.

आम्हा उभयतांपैकी एकाचे आयुष्य भोसरीच्या एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न घडविण्यात गेले आणि दुसरीचे बालवाडीत. निवृत्तीनंतर रविवारच्या मिस्सानंतर मोठी मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसली, की लहानग्यांना चर्चच्या व्हरांड्यात सांभाळण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करले. त्या निमित्ताने फळी पुन्हा बाहेर आली.

नकाशाचे तुकडे करून मुलांना भूगोल शिकविण्याची कल्पना फार जुनी आहे. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने १७६०च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले व विकले. पुढे मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीत अशा फळ्यांना मानाचे स्थान मिळाले. १९३९ साली त्या भारतात आल्या. पण त्याआधीच, १९२६ साली, गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंना त्यांनी शिक्षणात जागा दिली. आमच्या बालवाडीने तोच धडा गिरविला. मुले आधी खडूने जमिनीवर आपले घर काढीत, मग पवना नदी. पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा पंढरपूरवरून पुढे जाऊन कृष्णेला, एवढे जमिनीवर रेखाटून झाले, की मगच फळी हाती येई. जे बोटांनी चाचपले ते मूल सहसा विसरत नाही, हा आमचा अनुभव आहे.

परंतु २०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या हातून एक चूक घडली. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या एका कुटुंबातील सहा वर्षांची मुलगी व्हरांड्यात येऊ लागली होती. गाव झारखंडातील सिमडेगा जिल्ह्यातले. तिने सगळी फळी न्याहाळली आणि हिंदीत विचारले, "आजी, यात आमचे झारखंड कुठे आहे?" आम्ही बिहारचा मोठा तुकडा तिच्या हाती देऊन म्हटले, "हेच ते, बेटा." तिने तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. "हे बिहार आहे. आम्ही बिहारचे नाही." एवढे बोलून ती भिंतीला टेकून बसली. पुढचे दोन रविवार ती आलीच नाही.

१५ नोव्हेंबर २००० रोजी झारखंड राज्य झाले, हे आम्हास ठाऊक नव्हते असे नाही. फळी जुनी आहे, एवढे सांगितले असते तरी त्या लेकराला पुरले असते. तेवढे सांगण्याचा आम्ही कंटाळा केला. त्या रात्री आम्हा दोघांनाही १९७२ चा दुष्काळ आठवला. नगर जिल्ह्यातील आमच्या गावच्या विहिरी आटल्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आम्ही पिंपरीला आलो. चाळीत कोणी आमचे गाव विचारीत नसे. 'दुष्काळी' एवढ्या एका शब्दात आमची ओळख आटोपत असे. आपले गाव दुसऱ्याच्या लेखी नसले म्हणजे काय वाटते, हे आम्ही पुरते जाणून होतो आणि तरीही विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी शालेय नकाशावर चौकटी आखून नव्या सीमा मोठ्या करून घेतल्या. जुना तुकडा कापून भागणार नव्हते, कारण करवतीच्या पात्याएवढे लाकूड भुसा होऊन जाते आणि तुकडे सैल बसतात. म्हणून प्लायवूडमधून दोन्ही राज्ये नव्याने कापली. फाउंड्रीत पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठा करावा लागतो, कारण ओतीव लोखंड थंड होताना शंभरास एक या हिशेबाने आकसते. जुन्या सवयीने झारखंडही जरा मोठेच झाले आणि बिहारच्या खाली बसेना! कानशीने घासून त्याच्या कडांना थोडा उतार दिला. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून असाच उतार देतात. येथे तो लहान बोटांच्या उपयोगी पडला. गुंडी रांचीच्या जागी बसविली. हात लागलाच होता, म्हणून छत्तीसगड, उत्तराखंड आणि २०१४ साली झालेले तेलंगणही त्याच आठवड्यात कापून काढले.

रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही स्वतः तिच्या आईवडिलांकडे गेलो आणि झालेली चूक सांगितली. मुलगी आली. तुकडा तिने हातात घेतला, त्याच्या कडेवरून बोट फिरविले आणि पहिल्याच प्रयत्नात जागेवर बसविला. नंतर पुण्याहून हटियाला जाणारी गाडी कोठून जाते, हे तिने बोटाने सर्वांना दाखविले. महाराष्ट्र, छत्तीसगड, ओडिशा आणि मग घर. रात्र कोठे होते, डबा कोठे उघडतात, हेही सांगितले. मग आमच्याकडे वळून तिने विचारले, "आजी, तुमचे गाव कोणते?"

आमच्याजवळ महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचीही एक फळी आहे. १९६० साली २६ असलेले जिल्हे आता ३६ झाले. तिच्यातला नगरचा तुकडा काढून आम्ही तिच्या हाती दिला. सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला लोक जातात ते हरेगाव याच जिल्ह्यात, हेही दाखविले. पिंपरीत इतकी वर्षे काढल्यावर आमचे गाव कोणी इतक्या आस्थेने विचारल्याचे आम्हास आठवत नाही.

पुढच्या वर्षी वडिलांचे कंत्राट संपले आणि ते कुटुंब गेले. त्यानंतर २०१९ मध्ये लडाख वेगळे झाले, तेही आम्ही कापले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा तुकडा तोच राहिला, मागचे नाव मात्र बदलले. नवे मूल आले, की आता आम्ही आधी त्याचे गाव विचारतो, मगच फळी पुढे करतो.

यंदा जूनमध्ये एका सोसायटीच्या पहारेकऱ्याचा मुलगा येऊ लागला आहे. त्याचे गाव नेपाळात. आमच्या फळीवर उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्या वर नुसती कोरी चौकट आहे. त्याने तेथे बोट ठेवले आणि आमच्याकडे पाहिले. प्लायवूड आणून ठेवले आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि माप चुकते, म्हणून थोडे थांबलो आहोत. तसे त्याला सांगितलेही आहे. दर रविवारी तो विचारतो, "पाऊस कधी थांबणार?"