वाईकडचा वाडा आणि तारांचे कोडे

पुण्याकडून येताना सुरूर फाट्याला उजवीकडे वळले की थोड्याच वेळात वाई येते. गाव ओलांडून पश्चिमेला निघावे. एका अंगाला पांडवगड, समोर धोमचा जलाशय आणि मागे कमळगडाची रांग. खाली कृष्णाकाठची काळी जमीन, त्यात ऊस आणि वाईची नावाजलेली हळद. वाटेत मेणवली लागते. तिथे नाना फडणीसांचा वाडा आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथल्या घाटावर आजही टांगलेली आहे. खेड्यात वीज आणण्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटाचे चित्रण याच घाटावर झाले, हाही एक योगच.

पण वाचकहो, आज तुम्हाला न्यायचे आहे ते या प्रसिद्ध वाड्यात नव्हे. याच खोऱ्यातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या वाड्यात. घरातली गोष्ट आहे, म्हणून गावाचे नाव मुद्दाम देत नाही.

वाडा दुमजली, कौलारू. खाली दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब. पुढे सोपा, आत माजघर, मागे परडे आणि परड्याला लागून गोठा. वाटणीनंतर मधोमध भिंत आली. डावी बाजू थोरल्यांची, उजवी धाकट्यांची. जिना तेवढा सामाईक राहिला. विजेची मीटर मात्र दोन झाली.

एकावर एक तीन पिढ्या

या घरातल्या आजींना वीज आलेली चांगली आठवते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा माडीची एक भिंत फाटली. ती बांधून काढली, आणि नंतर वर्षा-दोन वर्षांत घरात पहिला दिवा लागला. ‘भिंत आधी, दिवा मागून,’ असे त्या सांगतात.

त्या वेळचे वायरिंग अजून माजघरात दिसते. सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली काळी रबरी वायर, लाकडी गोल ठोकळ्यावर काळे बटण, चिनी मातीचा फ्यूज. दुसरी पिढी वाटणीच्या वेळची. तिच्यात लाल-काळ्या प्लॅस्टिकच्या वायरी खिळ्याला गुंडाळून नेलेल्या. तिसरी अलीकडची. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि चपटी बटणे. बाहेरून पाहणाऱ्याला ही तिसरी पिढीच दिसते. वाटते, घराचे वायरिंग नवे आहे. पण पांढरी पट्टी संपते तिथे, तुळईमागे, नवी तार जुन्या रबरी तारेला चिकटपट्टीने जोडलेली असते. जुने रबर कालांतराने वाळते आणि बोटाने दाबले तरी भुगा होऊन पडते. आत उघडे तांबे आणि बाजूला सुके लाकूड. आग लागायला आणखी काय हवे?

तीन कोडी

आम्ही कृषी विस्ताराचे लोक. मला बोलावले होते ते म्हशीसाठी. धाकट्यांची म्हैस सकाळी उजाडल्यावर नीट दूध देई, पण संध्याकाळी पान्हा चोरायची. गव्हाणीजवळ नेले की अंग चोरायची, लाथ झाडायची. वैरण बदलून पाहिली, पेंड बदलली. पशुवैद्यकांनी कास तपासली, दोष काही नव्हता. घरात दृष्ट काढूनही झाली होती.

दुसरे कोडे जिन्यातल्या दिव्याचे. तो थोरल्यांच्या बटणावर लागे, पण धाकट्यांनी आपला मेन स्विच बंद केला की विझे. आता तुम्हीच सांगा, घरात काय बोलले जात असेल? ‘आमची वीज तिकडे वापरतात.’ दोन्हीकडून हाच संशय. त्यापायी दोन भावांचे बोलणे वर्षभर बंद होते.

तिसरे कोडे नव्या यंत्राचे. थोरल्यांनी हौसेने गळतीरक्षक स्विच बसवला होता. आरसीसीबी म्हणतात तो. जिन्यातला दिवा लावला की हा स्विच खटकन पडे. बसवणारा म्हणाला, यंत्रच खराब आहे, आणि ते वगळून तार सरळ जोडून गेला.

कोडे उकलायची रीत

ओळखीच्या परवानाधारक वायरमनला सोबत घेतले. त्याने कुठलीही तार तोडण्याआधी एक जुने कॅलेंडर मागितले आणि त्याच्या पाठीवर वाड्याचा नकाशा काढला. प्रत्येक खोली, दिवा, बटण आणि बोर्ड त्यात मांडला. मग एकेक फ्यूज काढायचा, घरातल्या मुलांनी खोल्याखोल्यांतून ओरडून सांगायचे, ‘गेला!’ किंवा ‘आहे!’, आणि त्याप्रमाणे नकाशावर खूण करायची. दोन तास हा खेळ चालला. तारांच्या रंगावर त्याने विश्वास ठेवला नाही. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग, ही आपल्याकडची जुनी रीत खरी. पण जुन्या घरात हाताला आली ती तार वापरलेली असते.

जिन्याचे कोडे आधी सुटले. दिव्याचा फेज थोरल्यांच्या बोर्डावरून आला होता. न्यूट्रल मात्र जवळ पडतो म्हणून धाकट्यांच्या बोर्डावरून घेतला होता. वाटणीपूर्वी दोन्ही बोर्ड एकाच मीटरवर होते, तेव्हा हे खपून गेले. मीटर दोन झाली, पण जिन्याची तार कुणी तपासली नाही. धाकट्यांचा मेन स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. तो बंद केला की दिव्याची परतीची वाट तुटे आणि दिवा विझे. त्या दिव्याचे युनिट पहिल्यापासून थोरल्यांच्याच मीटरवर पडत होते. चोरी कुणाचीच नव्हती.

यात धोका मात्र मोठा होता. मेन बंद करून धाकट्यांनी बोर्ड उघडला असता, तर थोरल्यांच्या बाजूने दिव्यातून आलेला करंट त्या न्यूट्रल तारेत उभा असता. मेन बंद, तरी तार जिवंत!

आणि तो गळतीरक्षक? तो खराब नव्हताच. जितकी वीज फेजमधून गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली का, एवढेच तो पाहतो. इथे गेलेली वीज शेजारच्या घरातून परतत होती. म्हणून तो पडत होता. तो आपले काम चोख करत होता.

म्हशीचा दोष नव्हता

राहिली म्हैस. आजी सहज बोलून गेल्या, ‘गोठ्यातला दिवा उन्हाळ्यात मंद जळतो, पावसाळ्यात लख्ख.’ वायरमनने कान टवकारले. विजेचा दिवा ऋतू पाहून का जळावा?

गोठ्याकडे जाणारी न्यूट्रल तार कधीतरी उंदरांनी कुरतडली होती. कुणा हुशार माणसाने नवी तार ओढण्याऐवजी दिव्याचे दुसरे टोक अर्थिंगला जोडले. दिवा लागला, सगळे खूश. पण आता विजेची परतीची वाट जमिनीतून झाली. पावसाळ्यात ओल असते, वाट सोपी, दिवा लख्ख. उन्हाळ्यात परड्यातली माती वाळते, वाट अडते, दिवा मंदावतो आणि अर्थिंगच्या नळावर व्होल्टेज चढते. त्याच अर्थिंगची तार गव्हाणीच्या लोखंडी नळीला गुंडाळलेली होती, आणि नळीला म्हशीची साखळी.

दिवा लावून नळी आणि ओली जमीन यांच्यामध्ये मीटर धरला. काटा २० व्होल्टच्या आसपास गेला. दिवा विझवला, काटा शून्यावर. पायात चप्पल असलेल्या माणसाला एवढे एकदम जाणवत नाही. म्हैस शेणामुताच्या ओलीत चार पायांवर उघडी उभी असते. तिला ते रोज टोचत होते. संध्याकाळी दिवा लागला की तिचा त्रास सुरू.

तुम्ही विचाराल, मग फ्यूज का उडाला नाही? ६० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर घेतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाचा जीव घ्यायला मात्र याहून कितीतरी कमी पुरते. घरात वापरायचा गळतीरक्षक ३० मिलीअँपिअरला तोडतो, तो याचसाठी. धाकट्यांकडे तो नव्हता.

गोठ्याला नवी न्यूट्रल ओढली. अर्थिंगसाठी नवा जीआय नळ खोल पुरून भोवती कोळसा-मीठ भरले. जिन्याचा फेज आणि न्यूट्रल एकाच मीटरवर घेतले. रबरी वायर सगळी काढून टाकली आणि दोन्ही मीटरांवर गळतीरक्षक बसवले. म्हैस काही दिवस बुजली, मग रुळली. जिन्याच्या दिव्याचा खर्च निम्मा-निम्मा करायचे भावांनी समोरासमोर बसून ठरवले.

आपल्या घरी काय पाहाल?

पावसाळ्यापूर्वी एकदा घरातला प्रत्येक दिवा कोणत्या फ्यूजवर आहे ते लिहून काढा आणि कागद मीटरजवळ लावा. मेन बंद केल्यावरही दिवा लागतो का, शेजारच्या मेनने आपला दिवा विझतो का, ऋतूप्रमाणे दिवा मंद-तेज होतो का, हे पाहा. जनावर एका जागी बिथरत असेल, तर वैरणीबरोबर तारेचाही विचार करा. वाटणी करताना जमिनीची मोजणी करता, तशी तारांचीही करून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता. शोध तुम्ही घ्या, पण तारेला हात परवानाधारक वायरमननेच लावावा. आणि गळतीरक्षक वारंवार पडत असेल, तर त्याला वगळू नका. तो काही सांगत असतो, ते आधी ऐकून घ्या.