सहा दिवसांची वाट

माझा थोरला भाऊ दुबईत वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करीत असे. एका शुक्रवारी पहाटे त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा मला ठाण्याला फोन आला. मुलगा आमच्याच बाजूचा, खेडचा. "ताई, दादा उठत नाहीत," एवढेच तो पहिल्यांदा म्हणाला. अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला, तेव्हा पोलीस खोलीत आले होते. झोपेतच हृदयविकाराचा झटका. वय 46.

चिपळूणजवळच्या आमच्या गावी आई आणि वहिनी होत्या. वहिनीला मी लगेच कळवले. आईविषयी मात्र नातेवाइकांचे मत पडले, की देह येईपर्यंत तिला सांगू नये. दादा आजारी आहे एवढेच म्हणावे. आई 71 वर्षांची, मधुमेही, रोज इन्सुलिन घेणारी. मलाही तो सल्ला क्षणभर पटला. पण गावातल्या आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "आजच सांगा, तुम्ही स्वतः सांगा, आणि बसवून सांगा. दारातल्या माणसांवरून त्यांना कळणारच आहे." दुपारी मी गावी पोहोचले आणि सांगितले. आई बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "तिकडे त्याच्याजवळ कोण आहे गो?"

त्याच्याजवळ कोणी नव्हते. देह पोलिसांच्या ताब्यात, शवागारात होता. आपल्याकडे मृत्यू झाला की काही तासांत माणसे जमतात, तिरडी बांधतात, दिवस मावळण्याआधी दहन उरकते. शोकाला हात लावायला काहीतरी काम असते. परदेशातल्या मृत्यूत ते काम कागदांकडे जाते, आणि घरच्यांच्या वाट्याला नुसते बसणे उरते. त्यात तिथे शनिवार-रविवार सुट्टीचे. सोमवारपर्यंत काहीच हलले नाही.

सोमवारपासून जे हलले ते असे. पोलिसांचे ना-हरकत पत्र आणि मृत्यूचा दाखला, अरबी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर, कामाच्या व्हिसाची रद्दबातल नोंद, मग भारतीय वाणिज्य दूतावासात मृत्यूची नोंदणी. तिथेच पासपोर्ट रद्द होतो आणि देह नेण्याची परवानगी मिळते. यासाठी वारसाचे संमतिपत्र लागते. आमच्याकडून ते वहिनीने सही करून पाठवले. तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे कुटुंबाने मागणी केल्यास देह मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. दादाच्या कंपनीने तो केला, जरी दोनदा आठवण द्यावी लागली. ज्यांना असा मालक नसतो, अशा गरजू कुटुंबांसाठी 2009 साली सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यासाठी दूतावासाकडेच अर्ज करायचा असतो. हे मला आधी ठाऊक नव्हते. ज्यांच्या घरातले कोणी आखातात आहे त्यांनी ते ठाऊक करून घ्यावे.

मधल्या काळात एका काकांनी सुचवले, की दहन तिकडेच करावे आणि अस्थी आणाव्यात. दुबईत हिंदूंच्या दहनाची सोय आहे, त्यामुळे सूचना गैर नव्हती. खर्च आणि खोळंबा दोन्ही वाचले असते. ज्यांनी तो मार्ग स्वीकारला त्यांना मी कमी प्रेमळ मानणार नाही. पण निर्णय वहिनीचा आणि आईचा होता. वहिनी म्हणाली, "मी त्यांना पाहिल्याशिवाय माझं काही संपणार नाही." आईने फक्त मान हलवली.

चूल पेटत नव्हती. शेजारची माणसे वेळेवर पिठलं-भात, पेज आणून देत होती. तरी आई दोन घासांवर उठे. इन्सुलिन मात्र ती नेमाने घेत होती, कारण दादाने दर फोनला तेवढेच विचारलेले असे. याचा परिणाम आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नाही. रविवारी रात्री दोनच्या सुमारास ती घामाने भिजली, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. मला ते दुःख वाटले. वहिनीने यंत्रावर साखर पाहिली: 58. साखरपाणी दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग पेज भरवली. सकाळी डॉक्टर येऊन मात्रा बदलून गेले. इन्सुलिन पूर्ण बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून मात्रा आपल्या मनाने ठरवू नका असे त्यांनी बजावले. त्या दिवसापासून एक काम मी अंगावर घेतले: आईचे जेवण, साखर आणि सुई यांची वहीत नोंद. खरे सांगायचे तर त्या वहीने मलाच धरून ठेवले.

मंगळवारी सोबत्याने कळवले, की दादाला शवलेपनासाठी मुहैस्नाला नेले आहे. रक्तवाहिन्यांतून फॉर्मलिनसारखे द्रव्य सोडून देह प्रवासात टिकेल असा केला जातो. त्याच्या दाखल्याशिवाय विमानात जागा मिळत नाही. मुहैस्नाच्या त्या भागाला तिकडची कामगार मंडळी सोनापूर म्हणतात, हे त्याने सहज सांगितले. मुंबईत वाढलेल्या माणसाला सोनापूर म्हणजे स्मशान. मी फोन ठेवला आणि हे आईला सांगितले नाही.

बुधवारी रात्री मी, माझे यजमान आणि चुलतभाऊ मुंबईला सहारच्या मालवाहतूक विभागात जाऊन थांबलो. विमानतळाचे आरोग्य अधिकारी कागद तपासतात: मृत्यूचा दाखला, शवलेपनाचा दाखला, रद्द पासपोर्ट, दूतावासाचे पत्र. त्यांनी ते न घाईने, न उर्मटपणे तपासले. मालाच्या पावतीवर वजन लिहिलेले होते. पेटीच्या एका टोकाला इंग्रजीत 'डोके' असे लिहिले होते, आणि ते टोक कोणते हे कळल्याबरोबर माझा हात आपोआप तिकडे गेला.

रुग्णवाहिकेच्या चालकाने अशा फेऱ्या पुष्कळ केल्या असाव्यात. परशुराम घाट उतरण्याआधी त्याने गाडी थांबवून सांगितले, "ताई, चेहरा काळसर दिसेल, थोडा सुजलेला. घरी आधी सांगून ठेवा. पेटी अंगणात उघडा, खोलीत नको. त्या औषधाने डोळे चुरचुरतात. दम्याची माणसं, लहान मुलं लांब ठेवा." मी तिथूनच वहिनीला फोन केला. या चार वाक्यांबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे. डॉक्टरांनी, दूतावासाने, कंपनीने, कोणीही ती सांगितली नव्हती.

गुरुवारी पहाटे अंगणात पेटी ठेवली. झाकण स्क्रूंनी बंद होते, आणि जमलेल्या तीस-चाळीस माणसांत कोणाकडेही स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. वहिनी आत गेली आणि दादाची जुनी हत्यारांची पिशवी घेऊन आली. दादाच्याच हत्याराने चुलतभावाने झाकण उघडले. अंघोळ घालण्यासारखा देह नव्हता. तुळशीपत्र ठेवले, गंगाजल शिंपडले. आईने त्याचा चेहरा न्याहाळला. "हाच," ती म्हणाली. मग कपाळावर हात ठेवून बसून राहिली. तिला उठवण्याची घाई कोणी केली नाही.

गुरुजींनी दिवस दहनापासून मोजायला सांगितले. आईचे मात्र शुक्रवारपासूनच सुरू झाले होते.

दोन महिन्यांनी तो खेडचा मुलगा रजेवर आला तेव्हा दादाची बॅग घेऊन आमच्याकडे आला. आईने त्याला पाटावर बसवले, जेवायला वाढले आणि विचारले, "त्या रात्री तो जेवला होता ना रे?" त्याने सांगितले, की दोघांनी मिळून डाळ-भात केला होता, दादांनी दोनदा भात घेतला होता. आईने त्याला आणखी भात वाढला. नंतर ती स्वतः जेवली, आणि जेवणाआधीची सुई तिने आठवणीने घेतली होती. वहीत तशी नोंद आहे.