मोरीतला अंधार

रात्री साडेदहा. मोरीची खिडकी काळ्या कापडानं बंद करून एचपी-५ फिल्मचा रोल चाचपडत रिळावर चढवला. मे महिन्यात मुंबईच्या नळाचं पाणी कोमटच असतं आणि डी-७६ डेव्हलपरला हवं २० अंश, म्हणून त्याचा जग बर्फाच्या परातीत. आई म्हणाली, "सरबतापुरता तरी बर्फ ठेव रे!" एकास एक पाणी मिसळलं की ११ मिनिटं, दर मिनिटाला टाकी चारदा उलटी-सुलटी.

हात हलतात तेव्हा डोकं हिशेब करतं. रोल हजाराच्या घरात, म्हणजे खटक्यामागे सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. बाबांच्या काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळायची. तो कारखानाच बंद पडला. फिल्मचा शंभर फुटी डबा आणून स्वतः कापली तर १८ रोल निघतात, पण एकरकमी पैसे मोजताना छाती दडपते. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतवत नाही, कॅनमध्ये साठतोय.

आता दोरीवर, कपड्यांच्या चिमट्याला निगेटिव्ह टपटपतेय. मोजली. ३७वी फ्रेमही आलीय, अर्धी. फुकटची!