आंतरवासितेतली पानं

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार. अंबड

नववीची गोडी लागली आहे. पहिल्या वर्षी चारच आठवडे शाळेत होते; मुलांची नावं पाठ होईपर्यंत निघायची वेळ आली. आता सलग सोळा आठवडे मिळाले आहेत. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि एकूण वीस आठवड्यांची आंतरवासिता आली. हा बदल मला मनापासून पटतो. नुसते सराव पाठ देऊन उठून गेलं की मुलं कळत नाहीत.

पण एसटीतून उतरल्यावर दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. स्वयंपाक, लेकीचं जेवण, सासूबाईंच्या गोळ्या. हे जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात, या आठवड्यात रात्रपाळीला. सगळं आवरून टाचणवही उघडते तेव्हा अकरा वाजलेले असतात. उद्दिष्टं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. प्रत्येक रकाना हाताने भरायचा.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील. पाहुणे गेल्यावर उद्याचं टाचण.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. राष्ट्रगीत संपता संपता डोळ्यांपुढे अंधारी आली. ताप दोन-तीन दिवस अंगावरच काढत होते, कारण आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते आणि रजा उरवून ठेवायची असते, लेकीच्या आजारपणासाठी. आमच्या तुकडीत कितीतरी जणी लेकुरवाळ्या आहेत, एक तर ओली बाळंतीण. आजारी बाईला आणि बाळंतिणीला वेगळी सवलत हवी, बुडलेले दिवस पुढे भरून द्यायची मुभा हवी. हे मी महाविद्यालयात लेखी मागणार आहे.

मार्गदर्शक बाईंनी शिक्षक खोलीत नेऊन मीठ-साखरेचं पाणी पाजलं. म्हणाल्या, "रात्री एकपर्यंत जागून लिहिलेलं टाचण पोरांना दिसत नाही गं, तुझा चेहरा दिसतो. ऑफ तासाला लिहीत जा. मी शेजारी बसते." खरंच बसल्या. मी लिहायचे, त्या पेपर तपासायच्या, मधूनच नकाशा कुठे उलगडायचा ते सांगायच्या. दोन टाचणं झाली. आणि दिवसभर पाणी न पिता राहायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. स्वच्छतागृह लांब आहे म्हणून आम्ही बायका घशाला कोरड पडेपर्यंत थांबतो. महिनोन्‌महिने असं काढलं तर मूत्रमार्गाचं दुखणं जडू शकतं.

डॉक्टरकीच्या आंतरवासितेला विद्यावेतन असतं. गेल्या वर्षी सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये मिळतात, त्यातले काही जण शाळांमध्येच आहेत. भावी शिक्षक मात्र फी भरून शिकवतात. निदान एसटीचा खर्च आणि दुपारचा डबा निघेल इतकं तरी मिळायला हवं. पैशाची चिंता डोक्यात ठेवून झोप लागत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

पाऊस थांबतच नव्हता. जायकवाडीतून प्रचंड पाणी सोडलं आणि गोदाकाठची गावं धास्तावली. आमच्या चार एकरांत कपाशीची बोंडं झाडावरच सडली, सोयाबीनला कोंब फुटले. हे काल शेतातून आले आणि न बोलता झोपले. आज मी वही उघडली नाही. दोघं चहा घेऊन बसलो, किती गेलं, किती राहिलं, कुणाचं देणं आधी, हे कागदावर मांडलं. मांडल्यावर त्यांना थोडं बोलता आलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शाळा भरली. 'बाह्यप्रक्रिया'तला नदीच्या कार्याचा भाग घ्यायचा होता. टाचणात क्षरण, वहन, संचयन असा क्रम होता. मी विचारलं, पुरानंतर शेतात काय दिसलं? मागच्या बाकावरचा, एरवी मान खाली घालून बसणारा मुलगा उठला. "बाई, आमचं रान खरडून गेलं. खाली मुरूम उघडा पडलाय." दुसरी म्हणाली, "आमच्यात गाळ येऊन बसलाय, पाय रुततो." क्षरण आणि संचयन, दोन्ही फळ्यावर आलं, मुलांच्याच तोंडून. मग पूरमैदान, आणि गोदाकाठची काळी जमीन कशी झाली असेल, इथवर तास गेला. झोप झाली होती म्हणून मला ऐकायला धीर होता. डोकं ठणकत असतं तर मी टाचणाचाच क्रम ओढत नेला असता.

सुटल्यावर ती गाळाचं सांगणारी मुलगी थांबली. आई-बाबांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे, दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला जाणार. ती आजीजवळ राहील, स्वयंपाक करून शाळेत येईल. पाचवीतल्या भावाचं काय, हा तिचा प्रश्न. दिवसाचे किती तुकडे होतात हे मला ठाऊक आहे, आणि ती चौदा वर्षांची आहे.

हंगामी वसतिगृहाच्या यादीत भावाचं नाव लागतं का, हे उद्या ऑफ तासाला मुख्याध्यापकांना विचारायचं. तिला वर्गात उशीर झाला तर उभं करायचं नाही, हे बाकीच्या छात्राध्यापकांनाही सांगायचं. टाचण परवाच्या ऑफ तासाला.