आधी काप, मग स्कॅनर

टेक्निशियन मायक्रोटोमचं चाक फिरवतो. ऊती बसवलेला मेणाचा ब्लॉक पात्यावरून खाली उतरतो आणि तीन-चार मायक्रॉन जाडीच्या कापांची रिबन निघते. ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची, सुरकुती ब्रशने सोडवायची आणि स्लाइडवर उचलायची. पाणी फार तापलं, तर काप पसरून फाटतो. मग हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळसर होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. कर्करोगाचं निदान आजही याच दोन रंगांपासून सुरू होतं.

बदललं आहे ते त्यापुढचं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये फिलिप्सच्या स्लाइड स्कॅन करणाऱ्या यंत्रणेला प्राथमिक निदानासाठी मान्यता दिली, आणि पडद्यावर स्लाइड वाचून रिपोर्ट देण्याची वाट मोकळी झाली.

याचा खरा फायदा मोजमापात दिसतो. विभाजन पावणाऱ्या पेशी पूर्वी ‘दहा हाय पॉवर फील्ड’मध्ये मोजत. पण फील्डचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळाचा, व्यास ०.५ मिमी असेल, तर दहा फील्ड म्हणजे जेमतेम २ चौरस मिलिमीटर, ०.६५ मिमी असेल, तर ३.३. सूक्ष्मदर्शक बदलला की आकडा बदलायचा, आणि त्याच आकड्यावर ट्यूमरची ग्रेड ठरायची! पडद्यावर नेमकं क्षेत्रफळ आखून मोजता येतं. ही सुधारणा केव्हाच व्हायला हवी होती.

काही ठिकाणी मात्र सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या स्लाइडवर क्षयाचे जंतू शोधताना बोट सतत फाइन फोकसवर असतं. एकाच पातळीवर केलेल्या स्कॅनमध्ये ते खाली-वर करणं होत नाही. काँगो रेडने रंगवलेल्या अमायलॉइडची हिरवी चमक पाहायला ध्रुवित प्रकाश लागतो, तो बहुतेक स्कॅनरमध्ये नसतो.

जिल्ह्याच्या गावाहून नातेवाईक ब्लॉक आणि स्लाइड पिशवीत जपून मुंबईला टाटा रुग्णालयात आणतात. स्कॅन पाठवला, तर निदान पहिलं मत तरी त्यांना घरबसल्या मिळेल. पुढच्या चाचण्यांना ब्लॉक लागणारच, पण या एका फेरीचीही किंमत रुग्णाचं घर जाणतं.

मात्र जाड काप, घडी पडलेली ऊती, फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडलेला नमुना यांतलं काहीच स्कॅनर दुरुस्त करत नाही. धूसर जागा धूसरच पडद्यावर येते. म्हणून रुग्णालयांनी स्कॅनर जरूर घ्यावेत, पण खरेदीच्या यादीत पाती आणि ताजं फॉर्मॅलिन त्यांच्या वर असावं, आणि टेक्निशियनची रिकामी पदं त्याआधी भरावीत.