वीणेचा पहारा आणि देहातील पेशी

आषाढात दिंड्या पंढरीच्या वाटेला लागतात, तेव्हा आमच्या पालघरकडे भाताची लावणी सुरू असते. त्यामुळे आमच्यातील पुष्कळांची वारी खाचरातच घडते. हातात रोपांची मूठ आणि मुखी नाम.

साचलेल्या पाण्यात इतर पिके कुजतात, भात मात्र उभा राहतो. याचे एक कारण त्याच्या मुळात आहे. चिखलात प्राणवायू फार थोडा. म्हणून मुळाच्या सालीतील काही पेशी ठरल्यासारख्या मरतात. त्यांच्या जागी पोकळ वाटा तयार होतात आणि पानांकडून आलेली हवा त्या वाटांनी मुळाच्या टोकापर्यंत पोहोचते. काही पेशी जातात, म्हणून रोप जगते.

आपल्या देहातही हेच चालते. आईच्या पोटात बाळाचा पंजा आधी वल्ह्यासारखा सलग असतो. मधल्या पेशी मरतात तेव्हा बोटे सुटी होतात. टाळ धरणारी आपली बोटे अशी घडली आहेत. मोठेपणीही रोज अब्जावधी पेशी जातात. पेशी आक्रसते, तिचे बारीक तुकडे होतात, आणि इतर पेशी ते गिळून टाकतात. ना सूज, ना दुखणे. १९७२ साली शास्त्रज्ञांनी याला ‘ॲपॉप्टोसिस’ असे नाव दिले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. जव्हारकडचा साग पाने गाळतो, तशीच ही गळ.

हे सारे मला कळले ते ताईच्या आजारपणात. वीस वर्षे पायी वारी केलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला. तिने मला एकच विचारले, “माझ्या सेवेत कुठे उणे पडले का रे?”

उत्तर डॉक्टरांच्या बोलण्यात सापडले. पेशीत मोठा बिघाड झाला की एरवी ती स्वतःच मिटते. एखादी पेशी मिटत नाही, वाढतच राहते, आणि तिची गाठ होते. म्हणजे हा पेशीतला बिघाड होता, भक्तीचा हिशेब नव्हता. पुढे ‘किरण’ द्यायचे ठरले, तेव्हा घर घाबरले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून शेजारी असल्याने किरणोत्सर्ग या शब्दाचा बोईसरकडे धाक आहे. डॉक्टरांनी समजावले, की मोजून आणि नेमक्या जागी दिलेल्या किरणांनी गाठीतील पेशींना इतकी इजा होते की त्या मरू लागतात.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा संपला की वीणेकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि पहिला बाजूला होतो. नाम चालूच राहते. पेशींचे जाणे मला तसे वाटते. अर्थात पेशीला मन नाही, आणि यातून माणसाने जिवावर उदार व्हावे असा अर्थ कोणी काढू नये. पेशी जाते ती देह जगावा म्हणूनच.

ताईचे उपचार अजून चालू आहेत. हरिपाठ ती घरीच म्हणते. तो प्रश्न तिने पुन्हा केला नाही.

माउलींनो, आजारी माणसाजवळ बसून त्याच्या पापपुण्याचा झाडा घेऊ नका. त्याला वेळेवर दवाखान्यात न्या, त्याचा हात हातात घ्या आणि नाम घ्या.

रामकृष्णहरी.