पावलाची पारख

पादत्राण ही उंबऱ्याबाहेर ठेवण्याची वस्तू, हा संस्कार ज्या घरांतून मुरलेला आहे, त्यांपैकी एका घरात आमचा जन्म झाला. देवळाच्या पायरीशी ते काढावे आणि दर्शन घेऊन परतल्यावर ते जागच्या जागी असल्यास देवाचे आणखी एकदा आभार मानावेत, यापलीकडे त्याचा विचार करण्याची गरज आयुष्याची छप्पन्न वर्षे आम्हांला भासली नाही. अशा माणसाने बुटांच्या दुकानावर लिहावे, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु उपकार कोणत्या दारातून येईल याचा नेम नसतो. आमच्यावरचा एक उपकार बुटांच्या दुकानातून आला आणि प्रारंभी आम्ही त्याची फेड फार वाईट केली. हा लेखनप्रपंच त्या कबुलीसाठी आहे.

रक्तातील साखरेचा आकडा पाहून डॉक्टरांनी कागदावर लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "रोज चाला. जमल्यास हळूहळू धावा." चालण्याची अडचण नव्हती. बेळगावात टिळकवाडीत राहणाऱ्यास फिरायला जागेची वाण नाही. व्हॅक्सिन डेपोतील झाडी आणि पहाटेचे धुके ही दोन्ही फुकट मिळतात. धावण्याची मात्र आम्हांला लाज वाटे. लहान मूल धावते, चोर धावतो, गाडी चुकलेला माणूस धावतो. पेन्शनीस आलेल्या गृहस्थाने कोणत्या निमित्ताने धावावे? म्हणून आम्ही उजाडण्यापूर्वी निघू लागलो. तरीही दूधवाल्याने एकदा गाठलेच. "काय काका, बस चुकली काय?" या त्याच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पहिले बूट आम्ही एका मोठ्या, झगमगीत दुकानातून घेतले. तेथील मुलाने नंबर विचारला, आम्ही सात सांगितला. त्याने खोके दिले, आम्ही पैसे दिले. संभाषण संपले. बाराव्या दिवशी अंगठ्याचे नख काळे पडले आणि सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येऊ लागली. धावणे आमच्या नशिबी नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला. आणि खरे सांगावयाचे तर मनातून थोडे सुखावलो.

शेजारच्या मुलाने मात्र आम्हांला सुटू दिले नाही. त्याने आमच्याच भागातील एका लहान दुकानाचा पत्ता दिला. दुकान कसले, दोन गाळ्यांची अरुंद खोली. भिंतीला बुटांची खोकी, एका कोपऱ्यात लाकडी बाक आणि पाऊल मोजण्याची धातूची पट्टी. मालक चाळिशीतले, अंगाने काटक. गिऱ्हाईक मराठीत बोलले तर मराठीत, कन्नडात बोलले तर कन्नडात आणि कोकणीत बोलले तर कोकणीत ते पायाची चौकशी करीत. आम्ही सकाळी गेलो होतो. त्यांनी आम्हांला बसविले, सारी हकीकत ऐकून घेतली आणि बूट न दाखविताच परत पाठविले.

"संध्याकाळी या की काका. सकाळी पाय लहान असतोय, दिवसभरात जरा सुजतोय. आणि येताना ते जुने बूट घेऊन या."

विक्री नाकारणारा दुकानदार आम्ही प्रथमच पाहत होतो. संध्याकाळी गेलो. त्यांनी जुने बूट उलटे करून तळ कोठे झिजला आहे ते पाहिले. मग स्वतः जमिनीवर बसून त्यांनी आमचे पाऊल गुडघ्यावर घेतले. आम्ही ते झटकन मागे ओढले. वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावावा, एवढेच आम्हांला ठाऊक. अनोळखी माणसाने आपला तळवा असा हाती घ्यावा, हे अवघड वाटले. ते हसून म्हणाले, "पाय बघितल्याशिवाय बूट कसा देऊ?" मग आम्हांला उभे करून त्यांनी माप घेतले, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरते. तीस वर्षे आम्ही सात नंबर घालीत आलो होतो; पाऊल निघाले आठाचे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, कारण धावताना पाऊल पुढे सरकते, हेही तेव्हाच कळले. आमच्या नखाचा खुनी सापडला!

आम्ही सर्वांत महागड्या जोडाकडे बोट दाखविले. त्याच्या आत कार्बनची पट्टी होती म्हणे. त्यांनी तो परत फळीवर ठेवला. "हे शर्यत मारणाऱ्यांचं. तुम्हाला मऊ आणि स्थिर पाहिजे." पैसे वाचले तरी आमचा अभिमान थोडा दुखावला. म्हणून आम्ही वाद घातला. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, मग बुटांचे एवढे स्तोम कशाला? त्यांनी शांतपणे सांगितले की १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून जिंकला. मग ते म्हणाले, "आणि आपले फडेप्पा चौगुले माहीत आहेत नव्हे?"

आम्हांला माहीत नव्हते. जन्म बेळगावात गेला आणि बेळगावच्या या धावपटूचे नाव आम्ही बुटांच्या दुकानात ऐकले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींत शेतकरी तरुणांना अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले आणि त्यांच्या खटपटीने १९२० साली हिंदुस्थानचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत फडेप्पा होते. त्या वेळची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्याहूनही लांब होती. फडेप्पांनी ती २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. "त्यांचं पाऊल मातीत घडलेलं होतं, काका. तुमचं कचेरीतल्या टेबलाखाली," दुकानदार म्हणाले. वाद संपला.

बुटांबरोबर त्यांनी ज्या गोष्टी दिल्या, त्यांचे बिल झाले नाही. वरच्या जास्तीच्या भोकातून नाडी ओवून टाच कशी पक्की बांधावी हे त्यांनी दाखविले. पावसात भिजलेले बूट उन्हात वा चुलीजवळ न ठेवता त्यांत जुनी वर्तमानपत्रे कोंबावीत असे सांगितले. बेळगावच्या पावसाळ्यात या सल्ल्याचे मोल सोन्याचे आहे. एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला, असे वेळापत्रक दिले. वेग किती ठेवावा, या प्रश्नावर म्हणाले, "पाठ असलेलं एखादं स्तोत्र म्हणत पळा. शब्द मध्येच तुटला तर चाला." लहानपणी तिन्हीसांजेला आजीने पाठ करून घेतलेले स्तोत्र असे पुन्हा ओठांवर आले. पहिल्या आठवड्यात दोन श्लोकांत दम संपे. तीन महिन्यांनी फलश्रुतीपर्यंत पोहोचलो.

रविवारी पहाटे साडेपाचला दुकानापुढे दहा-पंधरा माणसे जमत. घरांच्या किल्ल्या दुकानाच्या खणात जात आणि सर्वजण काँग्रेस रोडच्या दिशेने निघत. आम्ही अर्थातच शेवटी. परंतु आमच्याही मागे नेहमी एक माणूस असे, आणि तो म्हणजे स्वतः दुकानदार. आमच्याहून तिप्पट वेगाने धावू शकणारा हा मनुष्य रविवारी मुद्दाम सर्वांत मागे राही. पुढे आमच्या वाचनात आले की १९६२ साली बिल बॉवरमन हे अमेरिकेतील नामांकित प्रशिक्षक न्यूझीलंडला आर्थर लिडियार्ड यांच्याकडे गेले असता तेथील सामान्य नागरिकांबरोबर धावताना त्यांना धाप लागली. तेव्हा हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी मागे राहिले आणि त्यांनी सोबत केली. बॉवरमन यांचे वय त्या वेळी पन्नाशीच्या पुढे होते. मायदेशी परतून त्यांनी सामान्य माणसांना हळूहळू धावण्यास शिकविले आणि पुढे बूट घडविण्यातही नाव कमावले. हे वाचून आम्हांला मोठा धीर आला. ज्या विद्येचा आरंभच कोणीतरी मागे थांबण्याने झाला, तिच्यात शेवटच्याची लाज कसली?

आता आमचे पाप. धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. नंतर तळाचा फेस बसतो. दहा महिन्यांनी दुकानदारांनीच तळ अंगठ्याने दाबून बदलाची वेळ झाल्याचे सांगितले. आम्ही तीन जोड घालून पाहिले, गल्लीत फेऱ्या मारल्या, त्यांचा अर्धा तास घेतला आणि "विचार करून सांगतो" म्हणून घरी आलो. भाच्याने मोबाईलवर तोच जोड आठशे रुपयांनी स्वस्त दाखविला. आम्ही मागविला. त्यात चोरी काय, असा युक्तिवाद मनाशी केला. पण त्या रविवारी नवे बूट घालून निघताना आमची पावले दुकानाच्या दिशेने पूर्वीसारखी पडेनात, हे खरे.

जोड त्याच नावाचा असला तरी मागल्या साली घडविलेला होता. टाच आत सैल पडत होती. दोन किलोमीटरवर फोड आला आणि आम्ही लंगडू लागलो. मागून दुकानदार आले. त्यांनी बुटांकडे पाहिले, रस्त्याच्या कडेला आम्हांला बसविले, नाडी सोडून वरच्या भोकातून पुन्हा ओवली, टाचेला चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "आता बघा." एवढेच. बूट कोठून आणले, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते.

पुढच्या आठवड्यात दुकानातील दोन फळ्या बुटांऐवजी कॅरमबोर्डांनी आणि शाळेच्या खेळसाहित्याने भरलेल्या दिसल्या. कोणीतरी कारण विचारले. "बूट बघायला पुष्कळ येतात की," ते म्हणाले, "न्यायला थोडे." त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. आमच्या मात्र ध्यानात आले की, आम्ही वाचविलेले आठशे रुपये त्यांनी जमिनीवर बसून खर्चिलेल्या अर्ध्या तासाचे होते. पावलाची पारख आम्ही तेथून घेतली आणि तिचा मोबदला भलत्यालाच दिला.

त्या संध्याकाळी जाऊन आम्ही सारे सांगितले. ते हसले. "मला ठाऊक होतं की काका. तो रंग आमच्याकडे आलाच नव्हता." मग बाकाकडे हात करून म्हणाले, "बसा. पाय बघू." या खेपेस आम्ही पाऊल मागे ओढले नाही.

गेल्या सोमवारी आम्ही सहकुटुंब कपिलेश्वराला गेलो होतो. हल्ली देवळाबाहेर काढून ठेवलेल्या पादत्राणांचे तळ न्याहाळण्याची खोड आम्हांला लागली आहे. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "दर्शनाला आलात, की चपला बघायला?" इतक्यात पायरीवर आमच्याच वयाचे एक गृहस्थ कोऱ्या बुटांतून पाय काढून टाच चोळताना दिसले. आम्ही शेजारी बसलो. दुकानाचा पत्ता दिला, संध्याकाळी जा म्हणालो, जुने बूट बरोबर न्या म्हणालो. ते उठू लागले तेव्हा आम्ही त्यांना पुन्हा थांबविले आणि एक गोष्ट अधिक सांगितली: "आणि हे पाहा, जेथे घालून पाहाल, तेथेच घ्या."